येत नाही तर सांगायचं

"नोटेशनबिटेशन मी शिकलो नाही, सगळं कानावर वाजवतो," हे वाक्य मी कितीतरी वर्षं अभिमानाने उच्चारलं आहे. पाहुण्यांसमोर, रेल्वेच्या डब्यात, नोएडातल्या ऑफिसात आणि सर्वांत वाईट म्हणजे विद्यार्थ्यांसमोरही. ऐकणाऱ्यालाही ते आवडायचं. न शिकता आलेल्या विद्येला आपल्याकडे देणगी म्हणतात आणि देणगीचा मान कष्टापेक्षा मोठा असतो. त्या वाक्यापायी मी ज्या चुका केल्या त्या आता लिहून काढतो आहे, कारण माझ्याकडे मुलांना घेऊन येणारे आईवडील आजही पहिल्याच भेटीत विचारतात की गाणं-वाजवणं यायला रीतसर शिक्षण लागतं का, नोटेशन वाचता यायलाच हवं का. हे दोन्ही प्रश्न एकच आहेत असं ते धरून चालतात. मीही तसंच धरून चाललो होतो आणि माझ्या बहुतेक चुका तिथूनच निघाल्या.

मी सांगलीचा. वडील भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, म्हणून पेटीजवळ बसायची मला मुभा होती. पेटीवाल्या काकांची बोटं बघत मी अभंगांच्या चाली उचलल्या. त्यांनी मला कधी शिकवलं नाही आणि मीही कधी 'शिकवा' म्हणालो नाही. पुढे घरात टेपरेकॉर्डर आला. १९९० साली 'आशिकी' आला तेव्हा पानाच्या टपऱ्यांवर दिवसभर तीच गाणी वाजायची. मी कॅसेट मागेपुढे करून त्यातले म्युझिकचे पीस पेटीवर बसवायचो. सेल उतरले की टेप मंदावायचा, गाण्याची पट्टी खाली सरकायची आणि मी त्या सरकलेल्या पट्टीतही सूर बरोबर पकडायचो. गल्लीत याचं फार कौतुक व्हायचं.

त्याच काळात मी माझ्या बाजूचे साक्षीदारही जमवून ठेवले होते. ओ. पी. नय्यर यांनी संगीताचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांना नोटेशन वाचता येत नाही, हे ते स्वतःच सांगतात. अनुराधा पौडवाल यांनी लताबाईंची गाणी ऐकून ऐकून गळा घडवला, असं त्यांच्या मुलाखतीत वाचलं होतं. शिकायचा विषय निघाला की ही तीन नावं मी पुढे करायचो आणि समोरचा गप्प व्हायचा.

नोकरीमुळे नोएडाला आलो तेव्हा सेक्टर १६ए मधली फिल्म सिटी वृत्तवाहिन्यांनी भरू लागली होती. मी साउंड विभागात लागलो. ज्या टी-सीरीजच्या कॅसेटी मी झिजवल्या, त्या कंपनीचा पसारा याच गावात होता. गुलशन कुमार यांनी इथूनच स्वस्त कॅसेटींचा धंदा देशभर नेला होता. १९९७ मध्ये त्यांची हत्या झाली, पण भक्तिगीतांचं आणि जागरणाच्या गाण्यांचं काम दिल्ली-नोएडात चालूच राहिलं. तळघरात, घराच्या मागच्या खोलीत, गोदामाच्या वरच्या मजल्यावर छोटे स्टुडिओ होते. संध्याकाळी ऑफिस सुटलं की मी तिथे कीबोर्ड वाजवायला जायचो. संगीतकार चाल गुणगुणायचा, मी ती उचलायचो, दोन पीस सुचवायचो आणि तासाभरात गाणं उभं राहायचं. पट्टी कुठलीही असो, मी 'पांढरी एक'मध्येच वाजवायचो आणि कीबोर्डचं ट्रान्सपोजचं बटण दाबून ती गायकाच्या पट्टीला आणायचो. बारा पट्ट्यांमध्ये बोटं तयार करण्याचा सगळा अभ्यास त्या एका बटणाने मला चुकवू दिला. त्याचा दोष बटणाकडे जात नाही. ते दाबत होतो मी.

एकदा जरा मोठं काम आलं. जाहिरातीसाठी खरी व्हायोलिनं आणि चेलो घेऊन रेकॉर्डिंग होतं. अरेंजर मुंबईहून आले होते, मूळचे गोव्याचे, वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी प्रत्येकाच्या स्टँडवर शीट ठेवली. माझ्याही ठेवली. त्या क्षणी मी हात वर करून 'मला हे वाचता येत नाही' म्हणायला हवं होतं. मी शीटकडे पाहून मान डोलावली. पहिल्या रिहर्सलला अगदी हलक्या हाताने वाजवत राहिलो, दुसऱ्या रिहर्सलपर्यंत माझा भाग कानात बसला होता, कारण तोच भाग दुसऱ्या व्हायोलिनांनाही दिला होता. तिसऱ्यांदा मी स्वच्छ वाजवला. मला वाटलं, निभावलं.

मग अरेंजर काचेपलीकडून म्हणाले, "तिसऱ्या बारमधला एफ शार्प काढा. नॅचरल करा." सगळ्यांनी पेन्सिली उचलल्या. मीही उचलली. माझ्या शीटवर मी कुठेतरी एक खूण केली. लाल दिवा लागला, टेक सुरू झाला, आणि तिसऱ्या बारला सगळी व्हायोलिनं शुद्ध मध्यमावर आली तेव्हा माझं बोट तीव्रावर होतं. दोन शेजारचे स्वर एकमेकांवर घासले की अंगावर काटा येतो. टेक थांबला. पुन्हा घेतला. मी पुन्हा तेच वाजवलं, कारण माझ्या कानात पहिली चाल पक्की झाली होती आणि बदल कुठे झाला आहे हे मला समजलंच नव्हतं.

अरेंजर आत आले. त्यांनी माझी शीट उचलून पाहिली. माझी पेन्सिलीची खूण पाचव्या बारवर होती, तीही ओळीच्या बाहेर. ते रागावले नाहीत. मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "येत नाही तर सांगायचं. मी म्हणून दाखवलं असतं."

माझा भाग त्यांनी नंतर स्वतः वाजवून डब केला. त्या स्टुडिओतून मला पुन्हा बोलावणं आलं नाही आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. व्हायोलिनवाले तासावर पैसे घेतात. माझ्या खोट्या खुणेपायी त्यांचे दोन टेक गेले.

त्या दिवसानंतर मी माझे जुने साक्षीदार पुन्हा तपासले. हिंदी चित्रपटसंगीताचा नय्यर यांचा काळ ज्यांच्या हातांनी वाजला त्यातले कितीतरी वादक गोव्याचे होते. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना सॉल्फेज, म्हणजे स्वर वाचून गाणं, आणि व्हायोलिन शिकवलं जाई. तिथून निघालेली माणसं मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये आणि मग स्टुडिओंमध्ये आली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातलेच. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि पुढे 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात गुरूचं नाव अमर करून ठेवलं. अरेंजर सेबास्टियन डिसोझा हेही गोव्याचेच. आता पाहा, मी ज्यांच्या नावाने वाद जिंकत होतो त्या नय्यरसाहेबांच्या शेजारी कागद घेऊन बसलेले हेच सेबास्टियन होते. मॅकार्टनींच्या शेजारी जॉर्ज मार्टिन होते, लंडनच्या गिल्डहॉलमध्ये शिकलेले. १९९१ मध्ये मॅकार्टनींनी 'लिव्हरपूल ओरेटोरिओ' केला तेव्हा लेखणी कार्ल डेव्हिस यांच्या हातात होती. अनुराधाबाईंचे पती अरुण पौडवाल स्वतः उत्तम वादक, एस. डी. बर्मन यांचे सहायक. चाल सुचायला वाचता यावं लागत नाही, हे खरंच आहे. पण ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्या घरात, खोलीत, स्टुडिओत वाचता येणारं कुणीतरी होतं आणि ते त्यांना माहीत होतं. 'मला येत नाही' हे त्यांनी लपवलं नाही. मी मात्र त्यांची अर्धीच गोष्ट उचलली होती.

मग मी वाचायला शिकलो, अगदी इरेला पेटून. मयूर विहारमध्ये एक मल्याळी गृहस्थ राहायचे, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. त्यांच्याकडे स्टाफ नोटेशन शिकलो. जुन्या दिल्लीत नई सडकेवर जाऊन भातखंड्यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहाही भाग आणले, हाथरसच्या संगीत कार्यालयाने छापलेले हिंदी भाग. हाथरस नोएडापासून गाडीने काही तासांवर. काका हाथरसी यांना लोक हास्यकवी म्हणून ओळखतात, पण १९३२ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या या प्रकाशनाने उत्तरेतल्या गावोगावच्या संगीत शिक्षकांच्या हातात पुस्तक दिलं. आणि मूळ मजकूर कुणाचा, तर मुंबईच्या वाळकेश्वरला १८६० मध्ये जन्मलेल्या एका मराठी वकिलाचा. भातखंड्यांचा 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा मोठा ग्रंथ मुळात मराठीत आहे. एका मराठी माणसाने मराठीत लिहिलेलं मी, सांगलीचा मराठी माणूस, दिल्लीत येऊन हिंदीत वाचत होतो. लहानपणी ते माझ्या गावात, हाताच्या अंतरावर होतं.

ती लिपी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण ती साधी आहे आणि मला ती आवडते. सा, रे, ग, म हीच अक्षरं. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. एका मात्रेत जेवढे स्वर तेवढ्यांखाली एक कंस. समेला फुली, कालाला शून्य, लांबवलेल्या स्वरापुढे आडवी रेघ, बोलातल्या लांबवलेल्या अक्षराला अवग्रह. मींड असेल तर वरून कमान. नागरी लिपी येणाऱ्या कुणालाही एका दुपारी समजावी अशी. भातखंडे गावोगाव फिरले, रामपूर-जयपूरच्या खाँसाहेबांकडून चिजा मिळवल्या, ज्या घराबाहेर जाऊ नयेत म्हणून जपल्या जात होत्या, आणि हजारावर चिजा या खुणांनी बांधून छापल्या. विष्णू दिगंबर पलुस्करांनी आपली वेगळी लिपी केली आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गुरूची मर्जी असेल तरच विद्या, ही अट या दोघांनी मोडली. कानावर वाजवतो म्हणून मिरवणाऱ्या माझ्यासारख्याने या कामाला 'नोटेशनबिटेशन' म्हणावं, याची मला आज लाज वाटते.

वाचायला लागल्यावर मला वाटलं, आपली उणीव भरून निघाली. खरी उणीव वेगळीच होती, ती कळायला नोएडातला एक गणेशोत्सव यावा लागला.

इथे मराठी कुटुंबं बरीच आहेत. बँकांतली, सॉफ्टवेअरमधली, वाहिन्यांतली. गणपतीत दहाही दिवस कार्यक्रम असतात आणि पेटीची साथ माझ्याकडे ठरलेली. त्या वर्षी पुण्याहून एक गायिका नाट्यसंगीतासाठी आल्या होत्या. पट्टी काळी चार. यादीत 'सौभद्र'मधलं एक पद होतं. ते मला पाठ होतं, रेकॉर्डवर जसं आहे तसं, प्रत्येक तान, प्रत्येक थांबा. शिवाय आता मी ते लिहूनही आणलं होतं. त्यांनी अस्ताई घेतली आणि दुसऱ्याच आवर्तनाला मुखडा वेगळ्या जागेवरून उचलला. मी रेकॉर्डमधल्या जागी होतो. त्या परत आल्या तेव्हा मी पुढे गेलो होतो. त्या एका निषादावर रेंगाळल्या, तिथे मी षड्जावर जाऊन बसलो, कारण रेकॉर्डमध्ये तिथे षड्ज आहे. तबलजी सावरून घेत होता. श्रोत्यांना काही कळलं नसेल. टाळ्या पडल्या.

मध्यंतरात चहा घेताना त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, राग मानू नका. तुम्ही माझं गाणं ऐकत नाही आहात. तुम्ही कॅसेट ऐकताय."

मला उत्तर सुचलं नाही. माझ्या ज्या कानाची मी इतकी बढाई मारली होती तो कान समोरच्या माणसाला ऐकतच नव्हता. तो आठवत होता. साठवलेलं जसंच्या तसं परत देणं हे कसब आहे, पण साथ म्हणजे ते नव्हे. साथीला गायकाच्या मनात पुढे काय आहे याचा अंदाज लागतो, रागाच्या वाटा ठाऊक असाव्या लागतात, आणि आपण चुकलो की थांबवणारं कुणीतरी आयुष्यात येऊन गेलेलं असावं लागतं. मला कुणी कधी थांबवलं नव्हतं. भजनी मंडळाने कौतुक केलं, गल्लीने कौतुक केलं, छोट्या स्टुडिओंनी पैसे दिले. कागद वाचायला शिकलो तेव्हाही मी एकप्रकारे तेच केलं, टेपच्या जागी कागद आणला.

गोविंदराव टेंब्यांचं उदाहरण मला तेव्हा आठवायला हवं होतं. पेटीच्या साथीत त्यांचं नाव मोठं, १९११ साली 'मानापमान'च्या चाली त्यांच्या. त्यांच्याकडे पेटीचं प्रमाणपत्र नव्हतं, पण कोल्हापूरच्या देवल क्लबात ते वाढले, भास्करबुवा बखल्यांच्या सहवासात राहिले, अल्लादियाखाँसाहेबांचं गाणं जवळून ऐकलं. याला अशिक्षित म्हणता येत नाही. आणि कुमार गंधर्व? लहानपणी रेकॉर्डी ऐकून मोठमोठ्या गवयांचं गाणं हुबेहूब म्हणणारा मुलगा म्हणून ते गावोगाव गाजले. त्यांच्या वडिलांना ती कमाई चालू ठेवता आली असती. त्यांनी मुलाला मुंबईला बी. आर. देवधरांच्या शाळेत घातलं. देवधर स्वतः पलुस्करांचे शिष्य, पाश्चात्त्य संगीतही शिकलेले. जो मुलगा सर्वांची नक्कल करू शकत होता तो तिथून कुणाचीच नक्कल न करणारा गवई होऊन निघाला. हे सगळं मी वाचलेलं होतं. स्वतःला लावून पाहिलं नव्हतं.

यानंतरची चूक मला सर्वांत जास्त सलते, कारण ती भोगली दुसऱ्या कुणी.

सोसायटीतल्या मुलांना मी गाणं-पेटी शिकवायला लागलो होतो. गायिकेच्या बोलण्यातून मी अर्थ असा काढला की आपल्याला शिस्त नव्हती, तर मुलांना शिस्त द्यायची, आणि शिस्त म्हणजे पुस्तक. नोएडातल्या पालकांनाही हे सोयीचं होतं. शाळा, ट्यूशन, पोहणं यांच्या रांगेत गाणंही बसलं पाहिजे आणि वर्षाअखेरीस हातात काहीतरी पडलं पाहिजे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा होत्या, कीबोर्डवाल्यांसाठी लंडनच्या ट्रिनिटीच्या ग्रेड होत्या. या परीक्षांबद्दल माझी तक्रार नाही. अभ्यासक्रम नीट आहेत, तयार करणाऱ्यांनी विचार केलेला आहे. मी त्यांचा वापर वाईट केला.

एक मराठी मुलगी माझ्याकडे यायची. आली तेव्हा आईच्या मोबाइलची रिंगटोन पेटीवर शोधून काढत बसायची. मी तिला थांबवायचो. "आधी पुस्तकातलं," असं म्हणायचो. भूपाची बंदिश नोटेशनवरून, आलाप नोटेशनवरून, तानाही लिहिलेल्या. तिने सगळं निमूटपणे पाठ केलं. ती हुशार होती आणि आज्ञाधारकही, आणि शिक्षकाची चूक अशाच मुलाच्या अंगी पूर्ण लागते. परीक्षेच्या दिवशी मी दाराबाहेर उभा होतो. बंदिश स्वच्छ झाली. मग परीक्षक म्हणाले, "आता थोडे आलाप करा, मनाने." तिने पुस्तकातले आलाप म्हटले. ते म्हणाले, "हे छान. आता तुझे." शांतता. मग त्यांनी पेटीवर तीन स्वर वाजवले, "काय वाजलं?" ग प रे होतं. दाराबाहेर मला ऐकू येत होतं. तिला सांगता आलं नाही. रिंगटोन शोधणाऱ्या मुलीला तीन स्वर सांगता आले नाहीत.

पास झाली. मेट्रोत बसल्यावर ती म्हणाली, "काका, ते पुस्तकात नव्हतं."

ती अजून वर्षभर आली आणि मग दहावीचं निमित्त करून थांबली. तिच्या आईने माझे आभार मानले, पेढे दिले. पेढे घेताना मला त्यांच्याकडे बघवेना. त्या घरातून मी एक चांगला कान काढून नेला होता आणि त्याच्या जागी वही ठेवली होती. हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. गेल्या वर्षी त्या मुलीला लिहून कळवलं, ती आता बेंगळुरूला नोकरी करते. तिचं उत्तर प्रेमळ होतं, पण ती आता वाजवत नाही, असंही त्यात होतं.

ती यायची थांबली त्याच सुमारास, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, मी पहिल्यांदा एका गुरूंकडे गेलो. पूर्व दिल्लीतलं छोटं घर, खोलीत दोन तंबोरे, पेटी नाही. त्यांनी मला गायला लावलं. मी म्हटलं, मी वादक आहे. ते म्हणाले, "इसीलिए गाओ." यमन. कित्येक आठवडे नुसता सा, ग, प. मी गंधार लावला की ते मान हलवायचे. मला कळेना. माझा गंधार पेटीवर पडताळून पाहिला तर अगदी बरोबर. शेवटी त्यांनी तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा, जोड, नुसत्या छेडत ठेवल्या आणि मला गप्प बसवलं. जोडाच्या तारा नीट मिळालेल्या असल्या, जवारी उघडी असली, की त्या षड्जाच्या आत एक गंधार आपोआप उमटतो. तंबोरा लावणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, आणि तो माझ्या गंधारापेक्षा उतरलेला होता. किंचित, केसभर.

पेटीचे बारा स्वर समान अंतरांवर कापलेले असतात, म्हणजे कुठल्याही पट्टीत वाजवता यावं. त्या तडजोडीत शुद्ध गंधार चढा बसतो. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. त्यामागे इतरही कारणं होती, पण सुरांची ही तक्रार त्यात होतीच. पुस्तकातलं हे ज्ञान मला होतं. माझ्या स्वतःच्या कानाबद्दल ते लागू आहे हे मात्र मनात आलं नव्हतं. जन्मभर ज्या कानाच्या भरवशावर मी 'मला शिकायची गरज नाही' म्हणत आलो, तो कान भजनी मंडळाच्या पेटीने घडवला होता आणि तो चढाच ऐकत होता. हे मला कुठल्या कागदाने सांगितलं नसतं. नोटेशनमध्ये गंधार म्हणजे 'ग'. दरबारीतला आंदोलित कोमल गंधार आणि काफीतला कोमल गंधार, दोघांखाली तीच एक रेघ. आणि कुठल्या रेकॉर्डनेही सांगितलं नसतं, कारण रेकॉर्ड माझं गाणं ऐकत नाही. त्यासाठी समोर बसून मान हलवणारं माणूसच लागलं.

म्हणून आता आईवडील विचारतात तेव्हा मी दोन प्रश्नांची दोन उत्तरं देतो. शिकायला हवं का? हो, आणि शिक्षण म्हणजे तुमच्या मुलाची चूक ऐकू येणारं आणि ती दर वेळी सांगणारं माणूस. ते संस्थेत भेटेल, घरी भेटेल, देवळातही भेटेल. त्याला पर्याय मला सापडलेला नाही. वाचता यायला हवं का? त्याला काय करायचं आहे त्यावर आहे. पाश्चात्त्य वाद्य वाजवायचं असेल, वाद्यवृंदात बसायचं असेल, तर वाचणं टाळता येत नाही. ख्याल गायचा असेल तर वाचल्यावाचून अडत नाही, पण शंभर चिजा सांभाळायच्या तर लिहिता आलेलं बरं. आणि वाचता येत नसेल तर ते समोरच्याला सांगता आलंच पाहिजे. काही पालकांना हे उत्तर पुरत नाही. त्यांना ग्रेड हवी असते आणि ते दुसरीकडे जातात. मी त्यांना थांबवत नाही. ज्यांना परीक्षा द्यायची आहे त्यांना मी बसवतो, पण बंदिश आधी गळ्यात, मग वहीत, हा क्रम मोडत नाही. वर्गात पेटीही उशिरा उघडते. आधी तंबोरा, तो मोबाइलवरचा असला तरी चालेल.

ट्रान्सपोजच्या बटणाची सवय माझी अजून पूर्ण सुटलेली नाही. काळी चारमध्ये द्रुत लय आली की हात आपोआप तिकडे जातो. सकाळी त्याचाच रियाज करतो, बटणावर चिकटपट्टी लावून.

सध्या माझ्याकडे एक सात वर्षांचा मुलगा येतो. त्याने काल गणपतीची आरती कुणीही न सांगता वहीत उतरवून आणली, स्वतःच्या खुणांनी. लांब स्वर म्हणजे लांब रेघ, वरचा सा म्हणजे पतंग, कोमल निषादाला त्याने शेपूट काढलं आहे. दोन जागी निषाद शुद्ध हवा तिथे शेपूट आहे. त्याच्या खुणांना मी हात लावला नाही. त्या दोन जागा त्याला गायला लावल्या, तंबोऱ्यावर, चूक त्याच्या कानाला कळेपर्यंत. एक त्याला लगेच कळली. दुसरीसाठी तो गुरुवारी येणार आहे.